दातांचा सीबीसीटी स्कॅन: चिठ्ठी हातात पडल्यापासून रिपोर्ट समजेपर्यंत

अक्कलदाढ काढायची असते किंवा पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रूसारखं रोवायचं दाताचं कृत्रिम मूळ, बसवायचं असतं, आणि डॉक्टर चिठ्ठीवर ‘सीबीसीटी’ असं लिहून देतात. ‘हा काढून आणा, मग बघू’ एवढंच बोलणं झालेलं असतं. घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. सीटी म्हणजे हॉस्पिटलमधल्या त्या गोल मशीनमध्ये झोपावं लागतं तोच का? उपाशी जायचं का? इंजेक्शन देतात का? परवाच तर एक्स-रे काढला होता, मग आता पुन्हा कशाला? दातांच्या एक्स-रेच्या कामात असल्यामुळे हे प्रश्न मी रोज ऐकते, आणि ते अगदी रास्त आहेत.

आधी पटकन द्यायची उत्तरं देऊन टाकते. झोपावं लागत नाही, बसून किंवा उभं राहून स्कॅन होतो. उपाशी राहायचं नाही. सुई नाही, औषध नाही. मशीन चारी बाजूंनी उघडं असतं, त्यामुळे बंद जागेची भीती असणाऱ्यांनाही त्रास होत नाही. मशीनची फेरी साधारण दहा ते वीस सेकंदांची असते, बाकी वेळ जातो तो तयारीत. चुंबकाशी याचा संबंध नाही, म्हणून पेसमेकर असला किंवा पायात रॉड असला तरी हा स्कॅन करता येतो. घरी परतल्यावर तुमच्या अंगात किरण उरत नाहीत. लगेच तान्ह्या बाळाला घ्या, दूध पाजा, काही हरकत नाही.

आता जरा सविस्तर.

साध्या एक्स-रेत काय कळत नाही

हाताची दोन बोटं एकामागे एक धरून भिंतीवर सावली पाडली, तर सावलीत एकच बोट दिसतं. पुढचं कोणतं, मागचं कोणतं, दोघांत अंतर किती, हे सावली सांगू शकत नाही. साधा एक्स-रे ही अशीच सावली असते. दाताला चिकटवून काढलेला छोटा एक्स-रे असो की सगळे दात एका पट्टीत दाखवणारा ओपीजी असो, जबड्याची जाडी त्यात सपाट होऊन जाते.

बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागतं. अडतं कुठे, तर खालच्या जबड्यात. तिथे हाडाच्या आतून एक नळी जाते आणि त्या नळीतून खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ओपीजीमध्ये अक्कलदाढेचं मूळ या नळीवर चढलेलं दिसलं, तर ते नळीला खरोखर टेकलंय की तिच्या शेजारून मोकळं गेलंय, हे त्या चित्रावरून ठरत नाही. दाढ काढताना नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी महिनोन्‌महिने बधिर राहू शकते, क्वचित कायमची. शिवाय ओपीजीमध्ये सगळं थोडं मोठं दिसतं, आणि किती मोठं ते जबड्याच्या प्रत्येक भागात वेगळं असतं. त्यावर पट्टी ठेवून ‘इथे हाड बारा मिलिमीटर आहे’ असं खात्रीने म्हणता येत नाही.

सीबीसीटी, म्हणजे कोन बीम सीटी, ही अडचण दूर करतो. यात किरण शंकूच्या आकारात पसरतात आणि समोर एक चौकोनी सेन्सर असतो. किरणांची नळी आणि सेन्सर समोरासमोर राहून तुमच्या डोक्याभोवती एक फेरी मारतात आणि त्या फेरीत शेकडो फोटो निघतात. संगणक त्यांतून जबड्याचं घनरूप तयार करतो आणि मग ते हव्या त्या दिशेने कापून बघता येतं. वरून, समोरून, बाजूने, किंवा एकाच दाढेच्या मधोमध उभा काप घेऊन. मापं जशीच्या तशी मिळतात. या घनाचा सगळ्यात छोटा कण बहुतेक मशीनवर 0.1 ते 0.4 मिलिमीटरचा असतो. रूट कॅनलसाठी काही मशीन त्याहूनही बारीक जातात.

पडद्यावर हे बघणं फार समाधानाचं असतं. खालच्या दाढेचा उभा काप घेतला की हाडाची बाहेरची पांढरी कड दिसते, आतलं जाळीदार हाड दिसतं आणि तळाकडे ती नळी एक छोटा काळसर गोल होऊन दिसते. एकेक मिलिमीटर पुढे सरकत गेलं की तो गोल मुळाच्या जवळ येतो, कधी त्याला टेकतो, कधी मुळावर खाच पाडून जातो, आणि पुन्हा लांब जातो. शक्य असेल तेव्हा पेशंटलाही हे दाखवावं, असं माझं मत आहे. ‘नस जवळ आहे’ हे ऐकणं आणि ती प्रत्यक्ष पाहणं यात फरक पडतो, आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करताना माणसाला आपण कशाला हो म्हणतोय ते समजतं.

हे तंत्र तसं नवं आहे. राँटगेन यांना एक्स-किरण सापडले नोव्हेंबर 1895 मध्ये, आणि दोनच महिन्यांत, जानेवारी 1896 मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ओटो वॉल्कहॉफ या दंतवैद्यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी ते 25 मिनिटं किरणांत पडून होते. दातांसाठीची कोन बीम मशीन मात्र 1990 च्या दशकाच्या शेवटी आली, इटलीतल्या व्हेरोनात आणि साधारण त्याच सुमारास जपानमध्ये.

चिठ्ठी घेताना विचारायचं ते

माझ्या मते सगळ्या प्रवासात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि हीच नेमकी राहून जाते. डॉक्टरांच्या खुर्चीतून उठण्याआधी एवढं विचारा: ‘डॉक्टर, या स्कॅनमधून तुम्हाला नेमकं काय बघायचंय? आणि कोणत्या भागाचा काढायचा?’ यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

उत्तर ठोस असायला हवं. खाली डावीकडे इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी आणि नसेपर्यंतची उंची मोजायची आहे. इम्प्लांटचं टोक आणि नसेची नळी यांच्यात साधारण दोन मिलिमीटर अंतर राखतात, म्हणून हे माप अंदाजाने चालत नाही. किंवा वरच्या दाढांच्या जागी सायनसच्या, म्हणजे गालाच्या आतल्या हवेच्या पोकळीच्या, खाली हाड किती उरलंय ते बघायचंय. किंवा रूट कॅनल करूनही दाढ दुखतेय. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा आणखी एक बारीक कॅनल, म्हणजे मुळातली पोकळ नळी, असतो, तो राहून गेलाय का ते शोधायचंय. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा वरचा सुळा आलाच नाही, तो टाळ्याकडे अडकलाय की ओठाकडे, आणि शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळ खातोय का, हा प्रश्न असू शकतो. जबड्यातली गाठ, अपघातातलं फ्रॅक्चर, कानाजवळच्या सांध्याचं हाड झिजणं, हेही येतं. या सगळ्यांत स्कॅनच्या उत्तरावर उपचार बदलतो.

पण ‘एकदा सगळं बघून ठेवू’ एवढंच उत्तर असेल तर थोडं थांबा. नुसत्या तपासणीसाठी, दात साफ करून घ्यायच्या आधी, किंवा दरवर्षीचा नेम म्हणून सीबीसीटी काढायचा नसतो. दोन दातांमधली सुरुवातीची कीड साध्या छोट्या एक्स-रेत जास्त चांगली दिसते. आधीच बसवलेल्या इम्प्लांटच्या अगदी लगतचं हाडही बऱ्याचदा छोट्या एक्स-रेतच नीट कळतं, कारण सीबीसीटीमध्ये धातूभोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. सीबीसीटी हाड आणि दात दाखवतो. हिरडी, जीभ, गालाची आतली त्वचा यांचे आजार तो दाखवू शकत नाही. तंबाखू, गुटखा, मावा खाणाऱ्या माणसाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर त्याला तपासणी आणि गरज पडली तर तुकडा काढून बायोप्सी लागते. ‘स्कॅन नॉर्मल आला’ म्हणून अशी जखम सोडून देऊ नका.

मात्र याच लोकांना सीबीसीटीचा वेगळ्या कारणाने उपयोग होतो. विदर्भात खर्रा आणि इतरत्र गुटखा खाऊन गाल आतून कडक झालेल्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. छोट्या एक्स-रेची फिल्म दाढेपर्यंत आत सरकवताच येत नाही. ओपीजी आणि सीबीसीटी तोंडाच्या बाहेरून निघतात, म्हणून मागच्या दाढेचं हाड निदान बघता तरी येतं. फिल्म तोंडात घेतली की ज्यांना उमासे येतात, त्यांनाही हे सोयीचं पडतं.

भागाबद्दलही स्पष्ट बोला. एका दाढेसाठी साधारण पाच बाय पाच सेंटीमीटरचा छोटा स्कॅन पुरतो. दोन्ही जबडे हवे असतील तर मोठा लागतो. म्युकरमायकोसिसमध्ये, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजारात, वरचा जबडा काढावा लागलेल्या आणि आता गालाच्या हाडाचा आधार घेऊन दात बसवायचे असलेल्या पेशंटचा तर डोळ्यांच्या खोबणीपर्यंत स्कॅन लागतो. गरजेपेक्षा मोठा भाग घेतला की किरण वाढतात, आणि छोट्या भागात मिळते तेवढी बारकाई बऱ्याच मशीनवर मोठ्या भागात मिळत नाही. चिठ्ठीवर दाताचा नंबर, कोणता भाग आणि कशासाठी, हे तिन्ही लिहिलेलं असावं. नसेल तर लिहून मागा. केंद्रावर पोचल्यावर ‘डॉक्टर काय म्हणाले होते?’ अशी फोनाफोनी त्यामुळे वाचते, आणि चुकीच्या बाजूचा स्कॅन होण्याची शक्यताही उरत नाही.

किरण किती लागतात

भीती आणि बेफिकिरी दोन्ही मी बघते, म्हणून आकडे देते. किरणांचा शरीरावरचा भार मायक्रोसीव्हर्टमध्ये मोजतात. माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांमुळे जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे 2400 मायक्रोसीव्हर्ट असेच मिळतात, म्हणजे दिवसाला साधारण सहा-सात. दाताचा एक छोटा डिजिटल एक्स-रे काही मोजक्या मायक्रोसीव्हर्टचा असतो. ओपीजी साधारण 10 ते 25. सीबीसीटीमध्ये मशीन, भाग आणि सेटिंग यांनुसार खूप फरक पडतो: छोटा स्कॅन काही दहांच्या घरात, दोन्ही जबड्यांचा मोठा स्कॅन शंभर-दोनशेपर्यंत, काही जुन्या मशीनवर त्याहून जास्त. हॉस्पिटलमधला डोक्याचा सीटी दोन हजारांच्या आसपास जातो.

मोठ्या माणसाच्या एका गरजेच्या स्कॅनमधला धोका यावरून फार थोडा ठरतो. पण गरज नसताना तो थोडाही कशाला घ्यायचा?

मुलांच्या बाबतीत मी जास्त काटेकोर आहे. वाढत्या शरीरावर किरणांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो आणि पुढे आयुष्यही मोठं असतं. ब्रेसेस लावायच्या म्हणून प्रत्येक मुलाचा सीबीसीटी काढायची गरज नसते. बहुतेकांचं ओपीजी आणि चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेवर भागतं. अडकलेला सुळा, दुभंगलेला टाळू, जास्तीचा दात, अशी कारणं असतील तर जरूर काढा, पण छोट्यात छोट्या भागाचा आणि लहान मुलांच्या सेटिंगवर. ऑपरेटरला ‘मुलांची सेटिंग ठेवलीय ना?’ असं विचारायला आईवडिलांनी संकोच करू नये.

गरोदर असाल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा. किरण जबड्यावर असतात, पोटाकडे पोचणारा भाग नगण्य असतो, तरीही थांबण्यासारखं काम असेल तर बाळंतपणानंतरच करावं. जबड्याला सूज चढत असेल, ताप असेल तर निर्णय तुमचे दंतवैद्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून घेतील. लपवून ठेवू नका.

किरण अडवण्यासाठी घालायच्या शिशाच्या एप्रनबद्दल हल्ली गोंधळ होतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो घालतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मात्र 2024 मध्ये एप्रन आणि गळ्याची शिशाची पट्टी नेहमीसाठी वापरू नये अशी शिफारस केली. आजच्या मशीनमध्ये किरण नेमक्या भागावर रोखलेले असतात, आणि गळ्याची पट्टी वर सरकली तर चित्र बिघडून स्कॅन पुन्हा काढावा लागतो, हा त्यामागचा विचार. त्यामुळे एखाद्या ठिकाणी एप्रन घातला नाही म्हणून लगेच ते केंद्र वाईट ठरत नाही. आणि तुम्हाला एप्रन घातल्याशिवाय धीर होत नसेल तर तसं सांगा, मिळेल.

केंद्र कसं निवडायचं

भारतात एक्स-रे मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची देखरेख असते. त्यांचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. सीबीसीटी मशीनला त्यांचा परवाना लागतो. चांगल्या केंद्रात तो भिंतीवर लावलेला दिसतो, दारावर किरणांची खूण असते, आणि गरोदर बायकांसाठी सूचना मराठीत लिहिलेली असते. परवाना दिसला नाही तर विचारा.

दुसरा प्रश्न: ‘रिपोर्ट कोण लिहितं?’ ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी या विषयात एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, घेतलेले डॉक्टर हे या कामाचे तज्ज्ञ. काही केंद्रं स्कॅन काढून नुसता डेटा देतात आणि रिपोर्टचे वेगळे पैसे घेतात, काहींकडे रिपोर्ट त्यातच धरलेला असतो. हे फोनवरच विचारून घ्या.

खर्च शहराप्रमाणे आणि भागाप्रमाणे बदलतो. महाराष्ट्रातल्या शहरांत छोट्या भागाला साधारण हजार-दीड हजार आणि दोन्ही जबड्यांना दोन ते साडेतीन हजार रुपये असा अंदाज धरून चाला. हे जड वाटत असेल तर दंत महाविद्यालयात चौकशी करा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी, अशा ठिकाणी रेडिओलॉजीचा स्वतंत्र विभाग असतो. मशीन सुरू आहे का आणि नंबर कधी लागेल हे आधी विचारूनच निघा, विशेषतः गावाहून येणार असाल तर.

जायच्या दिवशी

जेवून जा, दात घासून जा. नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या. चिठ्ठी, आधीचे एक्स-रे आणि आधीचा स्कॅन असेल तर तो सोबत ठेवा. कधीकधी जुन्या स्कॅनमध्येच उत्तर सापडतं आणि नवा काढावाच लागत नाही.

धातूचं काय काय काढायचं? कानातलं, गळ्यातलं, केसातल्या पिना आणि क्लिपा, चष्मा, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी. अंबाडा घट्ट आणि पिनांनी भरलेला असेल तर सैल वेणी घालून येणं सोपं. गळ्यातली साखळी खालच्या जबड्याच्या स्कॅनमध्ये हमखास पट्टे पाडते. मंगळसूत्र काढायला बऱ्याच बायका कचरतात, आणि ते मला समजतं. आम्ही म्हणतो, ‘आजी, टेबलावर नका ठेवू, मुठीत धरा. उठलात की लगेच घाला.’ तेवढ्याने प्रश्न सुटतो. वर्षानुवर्षं न काढलेली नाकातली चमकी निघत नसेल तर ओढाताण करू नका. फक्त खालच्या जबड्याचा स्कॅन असेल तर ती बहुधा मध्ये येतच नाही. वरच्या पुढच्या दातांचा असेल तर ऑपरेटरला दाखवा, तो भाग ठरवताना विचार करेल.

तोंडात पक्क्या बसलेल्या कॅप, चांदी भरलेल्या दाढा, जुने इम्प्लांट अर्थातच निघत नाहीत. त्यांच्याभोवती थोडे पट्टे येणारच, पण ते कुठे आहेत हे आधी सांगितलं तर मदत होते. इम्प्लांटसाठी डॉक्टरांनी खास प्लास्टिकचा साचा दिला असेल तर तो न विसरता घेऊन जा. तो घालून स्कॅन काढायचा असतो, साचा घरी राहिला तर फेरी वाया.

मशीनपाशी

ऑपरेटर नाव, वय आणि कोणती बाजू हे पुन्हा विचारेल. तुम्हीही मोठ्याने सांगा: ‘खाली, उजवीकडे.’ मग हनुवटी एका आधारावर टेकवायची आणि समोरचे दात एका छोट्या काडीवर धरायचे. काडीवरचं प्लास्टिकचं कव्हर प्रत्येक पेशंटला नवीन लागतं. ते तुमच्यासमोर बदललं जातंय ना, बघा. कानशिलांपाशी दोन आधार हलकेच येऊन टेकतात. चेहऱ्यावर लाल रेषा पडतात, त्या फक्त जागा जुळवण्यासाठीच्या प्रकाशाच्या असतात.

इम्प्लांटचा स्कॅन असेल तर ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये कापसाची गुंडाळी ठेवायला सांगतील. तोंडात कोरडं वाटतं, जरा विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे: ओठ आणि गाल हिरडीला चिकटलेले असले की हिरडी कुठे संपली ते चित्रात कळत नाही. मध्ये कापूस आला की कड स्वच्छ दिसते.

रुंद खांद्यांच्या माणसांच्या बाबतीत मशीनचा हात फिरताना खांद्याला लागू शकतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी किरण न सोडता एक रिकामी फेरी करून बघतात. खांदे खाली सोडा, हात पुढच्या दांड्यांवर ठेवा. त्यानंतर एक-दोन साधे फोटो निघतात, त्यावरून भाग बरोबर आलाय का ते तपासतात. मग ऑपरेटर खोलीबाहेर जातो, काचेतून तुमच्याकडे बघत असतो, आणि बटण दाबून धरतो. खरी फेरी ती.

या दहा-वीस सेकंदांत तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते: हलायचं नाही. बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, जीभ जिथे ठेवायला सांगितली तिथेच ठेवायची. श्वास रोखू नका, नाकाने हळू घ्या. श्वास रोखला की शेवटी अंग थरथरतं. डोळे मिटून घ्या, कारण मशीन समोरून सरकलं की नजर त्याच्यामागे जाते आणि नजरेमागे डोकं. स्कॅन बिघडण्याचं मुख्य कारण हे हलणंच असतं. एका मिलिमीटरचं हलणं सुद्धा हाडाची कड दुहेरी करतं, आणि जिथे दोन मिलिमीटरचा हिशोब चाललाय तिथे असं चित्र निरुपयोगी.

सुरू होण्याआधीच खोकला येत असेल तर सांगा, थांबा, पाणी प्या. आणि मध्येच हलल्यासारखं वाटलं तर लपवू नका. ऑपरेटर चित्र तपासून ठरवेल. दर वेळी पुन्हा काढावं लागतंच असं नाही.

पार्किन्सनमुळे मान हलणाऱ्या आजोबांना बसवून, कपाळाला पट्टा लावून आणि मशीनवर असेल तर कमी वेळाची फेरी वापरून स्कॅन करता येतो. वेळ सकाळची घ्या, औषधाचा असर चांगला असतानाची. व्हीलचेअर मशीनखाली जाते का हे फोनवर विचारा. सगळ्या मशीनमध्ये जात नाही. लहान मुलाला आधी दुसऱ्या कोणाची फेरी काचेतून दाखवली, किंवा रिकामी फेरी त्याच्यासोबत केली, की तो बहुधा शांत बसतो. जो बसणारच नाही त्याला दाबून धरून स्कॅन काढू नये. दुसरा दिवस बघावा.

रिपोर्ट हातात आल्यावर

निदान डॉक्टरांवर सोपवायचंच, पण रिपोर्टातले शब्द कळले तर त्यांच्याशी बोलणं सोपं जातं.

दातांचे नंबर दोन अंकी असतात. पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश सांगतो: 1 वर उजवीकडे, 2 वर डावीकडे, 3 खाली डावीकडे, 4 खाली उजवीकडे. दुसरा अंक मधल्या रेषेपासून कितवा दात ते. म्हणजे 36 हा खाली डावीकडचा सहावा, पहिली मोठी दाढ. 38 आणि 48 या खालच्या अक्कलदाढा. 13 आणि 23 वरचे सुळे. दुधाच्या दातांचा पहिला अंक 5 ते 8 असतो. चित्रात उजवं-डावं उलटं दिसतं, कारण पेशंट आपल्यासमोर बसलाय असं धरून ते मांडलेलं असतं. कडेला आर आणि एल लिहिलेलं असतं ते बघा. चिठ्ठीवरचा नंबर आणि रिपोर्टातला नंबर एकच आहे का, एवढं नक्की पडताळा.

बक्कल म्हणजे गालाकडची बाजू, लिंग्वल म्हणजे जिभेकडची, पॅलेटल म्हणजे टाळ्याकडची. पेरिअपिकल म्हणजे मुळाच्या टोकाभोवतीचं. रेडिओलुसंट म्हणजे काळं दिसणारं, हाड विरळ झालेलं किंवा नसलेलं. मँडिब्युलर कॅनाल ही ती नसेची नळी. इम्पॅक्टेड म्हणजे अडकलेला.

वरच्या जबड्याच्या स्कॅनमध्ये एक वाक्य फार वेळा येतं: सायनसमध्ये ‘म्युकोसल थिकनिंग’. सायनसचं आतलं अस्तर जाड झालंय एवढाच त्याचा अर्थ. सर्दी, ॲलर्जी, धूळ, किंवा खालच्या दाढेतला संसर्ग, यांतलं काहीही कारण असू शकतं, आणि काहीच त्रास नसणाऱ्यांतही ते दिसतं. रात्रभर इंटरनेट चाळत बसू नका. दंतवैद्यांना दाखवा, गरज वाटली तर ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतील. याउलट ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ किंवा ‘बायोप्सी सुचवली आहे’ असं लिहिलेलं असेल तर त्यात दिरंगाई करू नका, मग मूळ स्कॅन इम्प्लांटसाठी का काढलेला असेना. म्हणूनच काढलेला प्रत्येक स्कॅन पूर्ण वाचला गेला पाहिजे, फक्त इम्प्लांटच्या जागेपुरता नव्हे.

डेटा सांभाळताना

केंद्रावरून तुम्हाला छापील फिल्म, कागदी रिपोर्ट आणि डेटा मिळतो. खरी वस्तू डेटा आहे. तो डायकॉम नावाच्या प्रकारातल्या फाइलींमध्ये असतो आणि त्यावरूनच दुसरे डॉक्टर स्वतः कापून, मोजून बघू शकतात. छापील फिल्मवर केंद्राने निवडलेले मोजकेच काप असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून कोणी मापं घेत नाही.

बरीच केंद्रं अजून सीडी देतात आणि आजच्या लॅपटॉपला सीडीचा खणच नसतो. त्यामुळे पेनड्राइव्ह घेऊन जा, किंवा डाउनलोडची लिंक मागा. लिंक काही दिवसांनी बंद होते, तेव्हा त्याच आठवड्यात उतरवून घ्या. फोल्डरमधल्या फाइलींची नावं बदलू नका, एखादीच फाइल वेगळी काढू नका. पूर्ण फोल्डर तसाच ठेवा आणि फोल्डरला पेशंटचं नाव, तारीख आणि कोणता जबडा एवढं लिहा. केंद्राकडे डेटा किती दिवस असतो तेही विचारून ठेवा. दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, किंवा परदेशातला मुलगा ‘इकडच्या डॉक्टरांना दाखवतो’ म्हणाला, तर हा फोल्डर जसाच्या तसा पाठवायचा, सोबत रिपोर्टचा नीट काढलेला फोटो आणि डॉक्टरांची मूळ चिठ्ठी.